गेममधील नायिकेचे बळ नेमके कशात असते?

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत संध्याकाळी कट्ट्यावर मोबाइल आडवा धरून बसलेल्या मुलांकडे पाहिले, तर त्यांच्यात हमखास कुणीतरी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा नेमबाजीचा गेम खेळत असते. या गेममध्ये सुरुवातीला पुरुष किंवा स्त्री यांपैकी एक पात्र निवडावे लागते. कोणतेही निवडले तरी धावण्याचा वेग तोच राहतो, बंदुकीचा झटका तेवढाच बसतो आणि गोळ्या झेलण्याची क्षमताही बदलत नाही. बदलतात ते चेहरा, केस आणि यूसी, म्हणजे गेममधले चलन, खर्चून घेतलेले पोशाख. बळ सर्वांना समान वाटून द्यायचे आणि स्त्रीत्व कपड्यांच्या कपाटात ठेवायचे, अशी ही सोपी सोय आहे. तिच्यात भांडणाला जागा नाही, आणि खरे सांगायचे तर विचार करण्यासारखेही फारसे काही नाही. पण ज्या गेममध्ये नायिकेला नाव, भूतकाळ आणि कथा असते, तिथे प्रश्न लगेच अवघड होतो. ती बाई असूनही बलवान आहे, की बाई म्हणून बलवान आहे? आणि तिचे बाईपण दाखवायचे तर ते शरीरातून, कपड्यांतून, वागण्यातून की आणखी कशातून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी गेममधील पात्र कसे तयार होते, हे थोडे समजून घ्यायला हवे. चित्रपटातील नायिका पाहायची असते, तर गेममधील नायिका चालवायची असते. तिची उडी खेळणाऱ्याच्या अंगठ्यातून निघते आणि ती दरीत पडली तर चूक खेळणाऱ्याची असते. तिचे शरीर आणि कपडे कुणी एक जण आखतो, तिचे चालणे-वळणे दुसरा ठरवतो, कॅमेरा किती दूर आणि किती उंचीवर राहील हे तिसरा पाहतो, कोणते बटण दाबल्यावर तिला काय करता येईल याचे नियम चौथा लिहितो, आणि कथा व संवाद पाचव्याकडे असतात. मोठ्या स्टुडिओत यातील प्रत्येक काम अनेक जण मिळून करतात आणि या सर्वांचे नायिकेविषयीचे मत एकच असेल असे नाही. त्यामुळे कथेत निर्भय असलेली बाई कॅमेऱ्यात शोभेची वस्तू होऊन बसते, किंवा मुखपृष्ठावर निव्वळ देखणी वाटणारी बाई प्रत्यक्ष खेळताना कमालीची स्वावलंबी निघते. सार्वजनिक वाद मात्र बहुतेक वेळा पहिल्या कामावर, म्हणजे शरीर आणि कपड्यांवरच अडून राहतात. माझ्या मते कपड्यांपेक्षा दोन गोष्टी अधिक निर्णायक असतात: तिला काय करता येते, आणि आपण तिला कुठून पाहतो.

सुरुवातीच्या काळात तिला काहीच करता येत नसे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये एका प्रचंड वानराच्या कैदेत असलेली पॉलिन पडद्याच्या वरच्या टोकाला उभी राहून मदतीसाठी हाका मारते आणि तिला सोडवायला मारिओ शिड्या चढतो; तिला हलवण्याचे बटणच नाही. पुढच्याच वर्षी आलेली ‘मिस पॅक-मॅन’ ही एका पिवळ्या गोळ्याला रिबन, लिपस्टिक आणि तीळ लावून बनवलेली नायिका होती. मोजक्या चौकोनी ठिपक्यांत स्त्री ओळखू यावी म्हणून अशा खुणा लागत असत, हे तांत्रिक कारण खरेच आहे. पण ते अर्धेच कारण आहे, कारण मूळ पॅक-मॅन पुरुष आहे हे सांगण्यासाठी कुणी त्याला मिशी चिकटवली नव्हती. (मारिओला मिशी आहे, पण ती इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढण्याची कटकट टळावी म्हणून.) गंमत अशी की मिस पॅक-मॅनच्या वाट्याला आलेला खेळ आधीच्यापेक्षा कठीण होता. तिचे चक्रव्यूह बदलत राहत आणि मागे लागलेल्या भुतांच्या हालचाली पाठ करून ठेवता येत नसत.

१९८६ साली निन्टेन्डोने आणलेल्या ‘मेट्रॉइड’मधील सॅमस अरान हे या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. ती डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात असते, आणि इंग्रजी माहितीपुस्तिकेत तर तिचा उल्लेख पुरुष म्हणूनच केलेला होता. गेम पुरेसा लवकर संपवला की शेवटी ती शिरस्त्राण काढते आणि आत स्त्री असल्याचे कळते; त्याहून लवकर संपवला तर तिच्या अंगावरचे कपडे आणखी कमी झालेले दिसतात. गेमभर जे बळ वापरले ते एका स्त्रीचे होते, हा धक्का त्या काळात मोठाच होता. पण तिचे स्त्री असणे खेळाडूला चपळाईबद्दल मिळणारे बक्षीस बनले, हेही तितकेच खरे आहे. याच मालिकेतील २००२ च्या ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये आपण तिच्या डोळ्यांतून जग पाहतो, आणि समोर लखकन उजेड पडला की शिरस्त्राणाच्या काचेवर क्षणभर तिच्याच चेहऱ्याचे प्रतिबिंब उमटते. दोन्ही ठिकाणी चिलखताआडची स्त्रीच दिसते. पण पहिल्या वेळी आपण तिला न्याहाळतो आणि दुसऱ्या वेळी ती आपल्यासोबत समोरच्या शत्रूकडे पाहत असते.

१९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मधील चुन-ली हिने हा प्रश्न जवळजवळ सहज सोडवला होता. केसांचे दोन अंबाडे, निळा चिनी पोशाख, मनगटात काट्यांची कडी आणि कुस्तीगिराला शोभतील अशा मांड्या, असे तिचे रूप. वडिलांच्या खुनाचा छडा लावणारी ही पोलीस अधिकारी लढत जिंकल्यावर लहान मुलीसारखी उड्या मारून हसते. तिचे हसणे आणि तिची लाथ यांत काही विसंगती आहे, असे गेमला वाटत नाही.

त्यानंतर १९९६ साली ‘टूम रेडर’ या गेमची नायिका लारा क्रॉफ्ट आली आणि चर्चेचा सारा रोखच बदलला. इंग्लंडमधील डर्बी शहरातील कोअर डिझाइन या स्टुडिओत टोबी गार्ड यांनी तिला घडवले. त्या वेळच्या यंत्रांची ताकद बेताची असल्याने तिचे शरीर काही शे त्रिकोण जोडून बनले होते आणि छातीच्या जागी अक्षरशः दोन टोकदार शंकू दिसत. प्रत्यक्ष गेममध्ये मात्र लारा बहुतेक वेळ एकटी असते. ओसाड गुहा, पाण्याचा आवाज, समोर दरी. कड्यापासून एक पाऊल मागे, मग धाव, मग उडी असे मोजून खेळावे लागते आणि अंदाज इंचभर चुकला तर पुन्हा सुरुवात. तिला कुणी वाचवायला येत नाही आणि कुणाला आवडावे म्हणून ती काही करत नाही. गेमच्या बाहेरची लारा वेगळीच होती. जाहिरातींत आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिचे शरीर विकले गेले, तिचा वेश चढवून जिवंत मॉडेल प्रदर्शनांतून फिरवल्या गेल्या. गार्ड १९९७ मध्येच कंपनीतून बाहेर पडले.

२०१३ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स या स्टुडिओने लाराची कथा पुन्हा पहिल्यापासून मांडली, तेव्हा प्रमुख लेखिका ऱ्हिआना प्रॅचेट होत्या. लाराचे शरीर चारचौघींसारखे झाले, अर्ध्या चड्डीच्या जागी चिखलाने माखलेली विजार आली, आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण या लाराची ओळख होते तीच जखमांतून. ती पडते, किंचाळते, पोटात सळई घुसते. खेळाडू चुकला तर तिचे मरण कॅमेरा जवळ जाऊन सविस्तर दाखवतो. गेम प्रकाशित होण्याच्या आदल्या वर्षी त्याच्या एका निर्मात्याने मुलाखतीत असे सुचवले होते की, खेळाडू स्वतःला लाराच्या जागी कल्पित नाहीत, त्यांना तिचे रक्षण करावेसे वाटते. या विधानावर बरीच टीका झाली, आणि ती योग्यच होती. आधीच्या खेळात आपण लारा असायचो, इथे आपण तिचे पालक झालो. म्हणून १९९६ ची लारा मुखपृष्ठावर वाईट असली तरी हातात अधिक बळकट होती, असे मला वाटते. हे मत सर्वांना पटणार नाही, आणि पुढच्या तासांत ही नवी लाराही पुरेशी खंबीर होते, हेही नोंदवले पाहिजे.

कॅमेऱ्याचा मुद्दा इथे थोडा उलगडायला हवा. ब्रिटिश अभ्यासिका लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मधील एका निबंधात असे मांडले की, चित्रपटाचा कॅमेरा पुष्कळदा पुरुषाच्या नजरेने स्त्रीकडे पाहतो आणि प्रेक्षकालाही तीच नजर उसनी देतो. पात्राच्या मागे राहणाऱ्या गेमच्या कॅमेऱ्याला हे विवेचन आणखी कठोरपणे लागू पडते, कारण तिथे नायिकेची पाठ दहा-वीस तास सतत समोर असते. कॅमेरा खांद्यापाशी ठेवायचा की कमरेपाशी, ती शिडी चढताना तो खाली राहू द्यायचा की बाजूला सरकवायचा, हे सर्व कुणीतरी ठरवलेले असते. २००७ च्या ‘पोर्टल’मध्ये नायिका चेल आपल्याला सहसा दिसतच नाही. भिंतीत उघडलेल्या दोन दारांमधून चुकून स्वतःकडेच नजर गेली, तर कैद्यासारखा नारिंगी वेश घातलेली एक बाई दिसते आणि ती आपणच असतो.

या चर्चेतील सर्वांत अडचणीचे पात्र म्हणजे २००९ मधील ‘बायोनेटा’. ही चेटकीण उंच टाचांच्या बुटांनाही बंदुका लावून लढते. तिचे काळे कपडे म्हणजे तिचेच केस आहेत, आणि मोठा हल्ला करताना ते केस राक्षसाचे रूप घेऊन शत्रूवर तुटून पडतात, तेव्हा तिचे अंग उघडे पडत जाते. तिचे रूप मारी शिमाझाकी या स्त्री कलाकाराने आखले, तर दिग्दर्शन हिदेकी कामिया या पुरुषाचे होते. तिच्याविषयी स्त्री खेळाडूंमध्येही एकमत नाही. काहींच्या मते नटणे, मुरडणे, समोरच्याची खिल्ली उडवणे हेच तिचे शस्त्र आहे आणि ती ते पूर्ण मालकी हक्काने वापरते. काहींच्या मते ही मालकी केवळ कथेपुरती असून तिचा खरा उपभोग पडद्याबाहेरचा माणूस घेतो. मला दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटतात. तिच्या हालचाली तिच्या आहेत, पण त्या हालचालींत कॅमेरा नेमका कुठे जाऊन थांबतो, हे तिने ठरवलेले नाही. २०२४ च्या ‘स्टेलर ब्लेड’मधील ईव्ह या नायिकेवरून झालेला वादही याच वळणाने गेला. त्या वादात काही नवे मुद्दे आले, असे मात्र म्हणता येत नाही.

हालचालींविषयी मराठी वाचकाला आपल्या घरातलाच संदर्भ आहे. पात्राच्या आत अदृश्य सांगाडा असतो आणि कळसूत्री बाहुलीप्रमाणे त्याचे सांधे ओढून ते चालवले जाते. पुष्कळदा खऱ्या माणसाच्या अंगावर खुणा लावून त्याची चाल टिपली जाते आणि ती या सांगाड्यावर चढवतात. एकच सांगाडा आणि एकच चाल पुरुष व स्त्री पात्रांना वापरली की खर्च वाचतो. ‘मास इफेक्ट’ मालिकेत शेपर्ड हे मुख्य पात्र पुरुष किंवा स्त्री म्हणून निवडता येते; त्यातील स्त्री शेपर्डला पुरुष शेपर्डच्याच बऱ्याच हालचाली दिल्या होत्या, त्यामुळे झगा घालूनही ती पाय फाकवून बसते; तिला वाचवले ते जेनिफर हेल यांच्या आवाजाने. २०१४ मध्ये यूबीसॉफ्ट या कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त स्त्री पात्र निवडता न येण्याचे कारण म्हणून अशाच वाढीव कामाकडे बोट दाखवले, तेव्हा त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या एका ॲनिमेटरने हे एक-दोन दिवसांचे काम असल्याचे जाहीरपणे सांगितले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटात तारामती पुरुष नटाने साकारली आणि १९२० मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. पुरुषाच्या चालीवर स्त्रीचा चेहरा बसवणारे गेम पाहताना वाटते, की हा उद्योग अजून त्या दोन वर्षांच्या मध्येच कुठेतरी आहे.

कपड्यांचा प्रश्नही हालचालींतूनच सुटतो. कोल्हापुरात मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकांत नऊवारी नेसलेल्या मुली लाठी फिरवतात, दांडपट्टा चालवतात, बसतात, उसळी घेतात. घट्ट कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि पदर कमरेला खोचलेला असतो. हा वेश उघडपणे बायकांचा आहे आणि लढण्याच्या सोयीचाही. गेममधील छातीपुरते चिलखत किंवा लढाईतील उंच टाचा यांच्यावरचा माझा आक्षेप शीलाचा नाही. त्या पोशाखात शरीराचा तोल कुठे पडेल, याचा विचार कलाकाराने केलेला नसतो, हा आहे.

स्नायूंविषयी तर विचित्र संताप पाहायला मिळतो. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस भाग दोन’मधील ॲबी हिचे दंड आणि खांदे पाहून अनेकांनी असे शरीर बाईचे असूच शकत नाही, असे ठामपणे लिहिले. प्रत्यक्षात ते शरीर कॉलीन फॉच या अमेरिकी क्रॉसफिट खेळाडूच्या शरीरावरून घडवलेले होते, आणि ॲबीला व्यायामशाळा व पोटभर अन्न मिळणारा तळ कथेत दिलेला होता. तिला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २०२२ च्या ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’मधील एलॉयच्या गालावर बारीक लव दिसते, एवढ्या कारणावरूनही तिची टिंगल झाली. तालमींच्या या गावात आता मुलीही आखाड्यात उतरतात, त्यामुळे रुंद खांद्यांची बाई इथे अगदीच अनोळखी नाही. बळ नेहमी दंडातच दिसते असेही नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. रायफल नेमबाजाचे जाडजूड जाकीट, आवरलेला श्वास आणि जवळजवळ शून्य हालचाल हे दृश्य दोन हातांत दोन पिस्तुले घेऊन कोलांट्या मारणाऱ्या लाराच्या अगदी उलट आहे, पण नेम तिथेच लागतो.

इथे कुणी अंबाबाईचे नाव घेईल. करवीरनिवासिनीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, तिला साडी-चोळी आणि दागिने आहेत, आणि गदा हाती असल्यामुळे तिचे देवीपण उणे झाले असे कुणाला कधी वाटले नाही. हा दाखला योग्य आहे, परंतु तो जपून वापरावा लागतो, कारण हाती शस्त्र असलेल्या देवीला पिढ्यान्‌पिढ्या नमस्कार करणाऱ्या समाजानेच आपल्या मुलींना तालमीच्या दाराबाहेर ठेवले होते. देवीला जे शोभते ते बाईलाही शोभते, हे मान्य होण्याला वेगळाच वेळ लागतो.

लढाई सोडून इतर बळांकडे गेमनी कमी लक्ष दिले आहे. २००५ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘सुपर प्रिन्सेस पीच’मध्ये राजकन्या मारिओला सोडवायला निघते, आणि तिची शस्त्रे म्हणजे तिच्या मनःस्थिती: आनंदात ती उडते, रडली की अश्रूंनी रोपे वाढतात, रागात ती पेटते, शांत झाली की जखमा भरतात. बायका म्हणजे भावना, या जुन्या समजुतीची ही थट्टा आहे की तिचीच पुनरुक्ती, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. २०१७ च्या ‘हेलब्लेड’ने मनाचा विषय कितीतरी गांभीर्याने हाताळला. सेनुआ या योद्धा स्त्रीला सतत भास होतात, डोक्यातील आवाज तिला हिणवतात, आणि तलवारीपेक्षा त्या आवाजांसह पुढे चालत राहणे हीच तिची लढाई असते. ही भूमिका मेलिना युर्गेन्स यांनी केली. त्या मुळात त्याच स्टुडिओत चित्रफिती संपादित करणाऱ्या कर्मचारी होत्या. २०२३ च्या ‘वेन्बा’त तर शत्रूच नाही. कॅनडात स्थायिक झालेली एक तमिळ आई फाटक्या पाककृतीवहीतून इडलीचा क्रम जुळवते आणि खेळाडूला तिच्यासोबत स्वयंपाक करावा लागतो.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये दिले. ‘राजी’ ही सर्कशीत वाढलेली मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. पॉलिनच्या जागी इथे मुलगा कैदेत आहे आणि बहीण शिड्या चढते आहे. तिचे बळ तिच्या पूर्वायुष्यातून येते: भिंतीवरून धावणे, खांबाला धरून गिरकी घेणे, मग त्रिशूळ मारणे. कॅमेरा दूर आणि उंचावर राहतो, त्यामुळे राजस्थानी वळणाच्या भव्य महालांत ती एवढीशी दिसते आणि तिच्या अंगापेक्षा तिच्या झेपेकडेच लक्ष जाते. कथा मात्र शेवटी अर्धवट सुटल्यासारखी वाटते, आणि भावासाठी जीव टाकणाऱ्या बहिणीपलीकडे राजीला स्वतःचे असे काय हवे आहे, ते कळत नाही.

उद्या कुणी महाराणी ताराबाईंवर गेम करायचा ठरवले, तर वरील सर्व निर्णय त्याच्यापुढे उभे राहतील. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे घोडा, तलवार आणि पाठीमागचा कॅमेरा. कावळा नाक्यावरच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे डोळ्यांसमोर तेच चित्र येते. पण १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर पंचविशीतील ताराबाईंनी १७०७ पर्यंत औरंगजेबाला जे झुंजवले, त्यातील मोठा भाग तलवारीच्या फेकीत नव्हता. किल्ला पावसाळ्यापर्यंत लढवायचा, अगदीच नाइलाज झाला तर रक्कम घेऊन सोडायचा, फौज दूर गेली की परत घ्यायचा, आणि त्याच वेळी धनाजी जाधवांसारख्या सरदारांना आपल्या बाजूला बांधून ठेवत माळवा-गुजरातेकडे तुकड्या धाडायच्या, हे त्या युद्धाचे तंत्र होते. त्यांच्या कारभाराची आणि हुकमतीची वाखाणणी मुघल इतिहासकार खाफी खानानेही केली आहे. असा गेम नकाशावरच खेळावा लागेल. एका बाजूला मान्सूनचे पंचांग, दुसऱ्या बाजूला रिता होत चाललेला खजिना, मांडीवर गादीचा अल्पवयीन वारस, आणि पन्हाळा आत्ता सोडायचा की आणखी महिनाभर धरायचा, हे ठरवणारे एकच बटण.